नीलाबाईच्या घरची प्रस्थानं

नांदूरघाटातून बीडकडे निघणाऱ्या वाटेवर, वेशीच्या आतलं शेवटचं घर नीलाबाईचं होतं. पुढे मीठ, गूळ, तेल, काडेपेट्या असलं चार डब्यांचं दुकान. मागे चूल आणि एक बिनखिडकीची खोली. नवरा विरुपाक्ष वारल्यावर दुकान तिनंच चालवलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि तराजू धरलेला हात कधी हलायचा नाही. सगळं गाव तिला अक्का म्हणे.

मीठ-गुळाची दुकानं गावात आणखीही होती. अक्काकडे लोक यायचे ते प्रस्थान ठेवायला.

मोगलाईतला तो काळ. जोशीबुवांचा मुहूर्त आणि माणसाची सवड यांचा मेळ सहसा बसत नसे. मुहूर्त बुधवारचा निघायचा आणि बैल शुक्रवारपर्यंत मोकळे नसायचे. मग बुधवारी माणसाऐवजी त्याचं गाठोडं निघे. त्याच्याच अंगावरच्या धोतराचा नाहीतर लुगड्याचा तुकडा, त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेवटच्या घरात ते नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला. त्यानंतर तो दोन दिवस घरात वावरला तरी हिशेबानं तो वाटेवर असे. गाडी जुंपली की अक्काकडे यायचं, गाठोडं काखेत मारायचं आणि मागे न बघता वेस ओलांडायची. ठेवलेलं गाठोडं घरी परत न्यायचं मात्र नाही. निघालेला माणूस अर्ध्यातून वळला तर तो धड इथला राहत नाही आणि धड तिथला होत नाही, असं नीलाबाईची सासू महादेवी सांगायची. गाठोडी खुंटीलाच टांगायची, जमिनीवर टेकवायची नाहीत, हेही तिनंच शिकवलं होतं.

त्या मागच्या खोलीत नीलाबाई कधी निजली नाही. सणासुदीला खुंट्या भरलेल्या असल्या की आत शिरताना तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "सरका जरा." आणि वाट झाल्यासारखी ती आत जायची. याचं तिला काही वाटत नसे. भीती वाटायला फुरसत लागते.

तिनं स्वतःचं प्रस्थान कधी ठेवलं नव्हतं. पालीहून लग्न होऊन आली ती आलीच. जायला कुठे होतं?

गाठीच्या तापाच्या साली, थंडी पडायच्या सुमाराला, केसरबाई एक गाठोडं घेऊन आली. केसरबाई म्हणजे चांगल्या दोन मळ्यांची मालकीण. कामाला वाघीण, बोलायला कोयता. गाठोडं हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचं होतं.

"घे अक्का. आमच्या सुनंचं."

"सत्यभामाचं? गाडी कवा हाय?"

"मुराळी येईल की दोन-चार दिसांत. मोहनराव, तिचा भाऊ. उमापूरहून यायचं म्हंजे येळ लागतो. पर उद्यापसून शुक्र समोर येतो म्हने. जोशी म्हनला, मग पोटुशी बाई घराबाहेर काढायची न्हाई, पार बाळंत हुईस्तोवर. म्हनून आजच काढून टाकली."

"काढून टाकली म्हनू न्हाई बाई. ठेवलं म्हनावं."

"तेच ते," केसरबाई म्हणाली, आणि गाठोडं हातातून सुटल्याबरोबर तिनं पदराला हात पुसले.

ते हात पुसणं नीलाबाईला समजलं. केसरबाईचा थोरला, सुंदरराव, काही वर्षांपूर्वी बीडच्या कचेरीला निघाला होता. गाठोडं ठेवलं आणि पाऊस लागला. पोरानं हसत हसत गाठोडं उचलून घरी नेलं, "पुना ठिवू की!" म्हणाला. आठवडा गेला नाही तोवर ताप डोक्यात जाऊन तो मेला. तेव्हापासून केसरबाई प्रस्थानाला सापासारखी भीत असे. धाकटा बंकट, ही सत्यभामा त्याची बायको, आणि तिच्या पोटात पहिलं लेकरू.

मोहनराव आलाच नाही. गेवराईकडून तापाची खबर आली. मागोमाग एकेका गावानं वेशीत बाभळीच्या काट्या लावून वाटा बंद केल्या. नांदूरघाटानंही लावल्या, आणि बद्रीनाथ नावाच्या दांडग्या माणसाला काठी देऊन तिथे बसवलं. बाहेरचं आत येईना. बाकीची गाठोडी वाटा बंद व्हायच्या आधीच गेली होती. खुंटीला एकटं हिरवं गाठोडं राहिलं.

सुरुवात थट्टेनं झाली. आडावर सुभद्राबाई म्हणाली, "अगं, तू तर गेलीस ना म्हायेरी? मग हे पानी कोन शेंदायलंय?" सगळ्या हसल्या. सत्यभामाही हसली. दुसऱ्या दिवशी ती थट्टा कुणी केली नाही. बायकांनी तिचा नंबर असताना आपापल्या घागरी भरल्या. तिनं रहाटाला हात घातला तेव्हा दोघीतिघी आपसात म्हणाल्या, आज रहाट जड चाललाय.

मग एके दुपारी सत्यभामा दुकानात आली. पोट पुढे आलेलं, तोंड मात्र सुकलेलं.

"अक्का, गुळाचा खडा द्या की."

"घरी न्हाई व्हय गूळ?"

"हाय. मला न्हाई." ती फळीला टेकली. "आत्याबाई माझं ताट मांडीत न्हाईत. म्हनल्या, निघालेल्या मानसाला घरात जिवू घातलं तर पाय मागं वढतो, लेकराला बाधंल. पयले दोन दिस पडवीत भाकरी ठिवली. मग तेबी बंद झालं. ह्यांनी दिली चोरून, गोठ्यात. आता तेबी देईनात."

"तू भांडली न्हाईस?"

"भांडले की! लई भांडले. चुलीम्होरं उभी राहून वरडले. आत्याबाई जाळाकडं बगत बसल्या. मग म्हनल्या, 'बंकट, दार लाव रे, गार वारं यायलंय.'"

नीलाबाईनं गूळ दिला, वर शेंगदाणे दिले. पोरगी उभ्या उभ्याच खात होती. भूक लागलेल्या माणसाला खाताना पाहून जसं बरं वाटतं तसं नीलाबाईला वाटलं नाही. दाणे तोंडात जात होते आणि कुठे जात होते कोण जाणे.

दुसऱ्याच दिवशी तेल पोचवायचं निमित्त करून ती केसरबाईकडे गेली. सोप्यात सत्यभामा जात्यावर बसली होती. एक पाय पसरलेला, खुंटा गरगर फिरतोय. केसरबाई पलीकडे मिरच्या निवडत होती.

"केसरबाई, सून कशी हाय?"

"बरी असंल की. वाटा बंद हायत, खबर कुटं येती?" केसरबाई उसासली. "पयलं बाळंतपन. आईजवळ हाय, तेवडंच समाधान."

नीलाबाईनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. सासवांचे टोमणे तिला ठाऊक होते. टोमणा मारणारी बाई डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते, घाव बसला का म्हणून. केसरबाईचे डोळे सरळ मिरच्यांवर होते. खोटं बोलणाऱ्या बाईचा आवाज इतका कनवाळू नसतो.

"मग हे पीठ कुनी दळलं?"

केसरबाईनं जात्याभोवतीच्या पिठाकडे बराच वेळ पाहिलं. "दळनाचं काय, हुतंच की रोज," ती म्हणाली. "तू आज अशी काय बोलायलीस, अक्का?" मग ती उठली, सत्यभामाच्या पसरलेल्या पायावरून उंबरा ओलांडावा तशी सवयीनं पाय टाकून आली आणि जात्यातलं सगळं पीठ सुपात भरून घेऊन गेली.

सून दिसत नव्हती. सुनेनं दळलेलं पीठ मात्र दिसत होतं.

त्यानंतर सत्यभामा दिवसभर दुकानाच्या ओट्यावर येऊन बसू लागली. नीलाबाई तिला भाकरी देई, तिच्याशी बोले. आणि मग एका संध्याकाळी नीलाबाईच्याच हातून ते घडलं.

दिवेलागण झाली तशी तिनं दुकानाच्या फळ्या एकीला एक लावल्या, आतून अडसर घातला, चुलीवर पिठलं केलं, पोटभर जेवली. ताट घासायला घेतलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की फळ्या लावताना बाहेरून कुणी म्हणालं होतं, "अक्का, मी हाय की अजून." तिला ते ऐकू आलं होतं. कौलावर चिमणी बोलावी तसं ऐकू आलं होतं, आणि तिनं शेवटची फळी खाचेत सारली होती.

तिच्या हातातली राख खाली पडली. तिनं धावत जाऊन अडसर काढला. सत्यभामा ओट्याच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नीलाबाईनं दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं. गार होतं, पण होतं.

"अक्का," सत्यभामा म्हणाली, "तुमी बी?"

नीलाबाईनं तिला उचलल्यासारखं करून आत आणलं. निजवायला मागच्या खोलीशिवाय जागा नव्हती. दिव्याच्या उजेडात पोरीनं खुंटीकडे पाहिलं.

"माझ्या लुगड्याचं हाय हे."

"हात लावू नको."

"अक्का, मी तिकडं पोचले असंल का हो?"

नीलाबाईनं दिवा विझवला. अंथरुणावर पडताना तिनं पोरीच्या पदराला आपल्या पदराची गाठ मारली. त्या दिवसापासून ती रोज तशी गाठ मारी, आणि दिवसा तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत राही. गिऱ्हाइकं म्हणत, अक्का आता एकटीच बडबडायला लागली, वय झालं. एकदा तर तिला सत्यभामाचं नाव आठवेना. काहीतरी देवाच्या राणीचं नाव आहे एवढंच आठवलं. "पोरी, नाव सांग तुझं," ती घाबरून म्हणाली, आणि पोरगी सांगेपर्यंतचा वेळ तिला फार मोठा वाटला.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. नीलाबाई भिवराबाई सुइणीला घेऊन आली. भिवराबाई खोलीच्या दारात थांबली आणि इकडेतिकडे बघू लागली. सत्यभामा तिच्यापुढे दोन हातांच्या अंतरावर कण्हत पडली होती.

"बाळंतीन कुटं हाय?"

नीलाबाईनं तिचा हात धरून पोटावर ठेवला. भिवराबाई दचकली. मग तिची बोटं चालायला लागली. दाबून, चाचपून, ओळखीची वाट सापडावी तशी.

"हां. हाय की. आडवं न्हाई, सरळ हाय." ती डोळे मिटून बसली. "डोळ्याचं काय घिऊन बसलीस अक्का? माझं काम हाताचं. पानी ठिव."

दिवस कलायच्या आत मुलगा झाला. भिवराबाईनं त्याला पुसलं आणि उजेडात धरलं. तो सगळ्यांना दिसत होता. काळा, नाकेला, थेट केसरबाईचा नातू. जाताना भिवराबाई दारातून म्हणाली, "लेकरू लई झ्याक हाय. आईला कळवा म्हनावं उमापूरला."

आणि तिनंच केसरबाईला कळवलं. चौथ्या दिवशी केसरबाई आली, डोक्यावरचा पदर सावरत, धापा टाकत. सत्यभामा भिंतीला टेकून लेकराला पाजत बसली होती.

"अगंऽ, सुंदररावच की माझा!" केसरबाई रडायलाच लागली. "कुनी आनून सोडलं, अक्का? वाटा सुरू झाल्या व्हय? आन आई सोडून नुसतं लेकरूच धाडलं? काळीज हाय का त्या उमापूरच्यांना!"

तिनं वाकून लेकरू उचललं. सत्यभामानं त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. केसरबाईनं ओढलं. सत्यभामानं सोडलं नाही. केसरबाईनं थांबून पाहिलं, लेकराच्या पाठीशी हात घालून चाचपलं.

"कशात अडकलंय गं हे?"

"आत्याबाई," सत्यभामा म्हणाली. "आत्याबाई, माझ्यात."

केसरबाईनं आणखी जोरानं ओढलं. लेकरू किंचाळलं. नीलाबाईनं मध्ये हात घातला.

"आता उचलू नका. थकलंय. उद्या न्या."

"उद्या नेते," केसरबाई डोळे पुसत म्हणाली. "घरी शेळी व्यालीय. आई यीस्तोवर शेळीच्या दुदावर वाढवीन. पर इथं ठिवनार न्हाई, सांगून ठिवते. वान्याच्या दुकानात कावून ठिवावं माझ्या नातवाला?"

ती गेल्यावर सत्यभामा रडली नाही. तिनं लेकराला पदराखाली घेतलं आणि विचारलं, "शेळीचं दूद पचतंय का हो चार दिसांच्या लेकराला?"

"न्हाई," नीलाबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी नीलाबाई मागच्या खोलीच्या दारात पुष्कळ वेळ बसून होती. सासूनं शिकवलेले सगळे नियम जाण्याचे होते. गाठोडं कसं न्यायचं, कसं टांगायचं, कसं उचलायचं. आलेल्या माणसाबद्दल काही शिकवायची तिला गरजच पडली नव्हती, कारण आलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. बीडहून, हैदराबादहून, परळीहून माणसं परत येत. दारात पाणी घालत, भाकरतुकडा ओवाळत, आणि घरातलं पोर न् पोर त्यांच्याकडे डोळे भरून बघत असे. निघालेल्या माणसाला दिसायचं असेल तर त्याला आलं पाहिजे. आणि यायचं तर आधी एकदाचं गेलं पाहिजे.

सकाळी तिनं शंकरप्पाला बोलावलं. हा तिचा दीर. मिठाची गाडी हाकायचा, वाटा बंद झाल्यापासून गावात अडकून होता. माणूस अर्धा बहिरा आणि पुरा अबोल.

"गाडी जुंपा भावजी. ओढ्यापतुर जाऊन यायचंय. केसरबाईची सून म्हायेरून यायलीय, तिला आनायचंय."

शंकरप्पानं वहिनीच्या हातातलं लेकरू पाहिलं आणि तो बैल जुंपायला गेला.

खुंटीचं गाठोडं सत्यभामानं स्वतः काढलं. "काखेत धर," नीलाबाई म्हणाली, "आन मागं बगायचं न्हाई. कुनी हाक मारली तरी."

"मला कोन हाक मारतंय, अक्का?"

वेशीत बद्रीनाथनं काट्या सरकवल्या. "दोगंच ना? लवकर या. त्या वरच्या गावची मानसं दिसली तर आत घिनार न्हाई, सांगून ठिवतो." लेकरू नीलाबाईच्या पदराखाली झाकून निजलं होतं. तो गाडीत वाकून बघत होता आणि सत्यभामा त्याच्या तोंडापासून वितीवर बसली होती. तिनं मान वळवली नाही. गाडीचं मागचं चाक वेशीच्या दगडावरून धाडकन उतरलं, तशी ती पुढे झुकली.

ओढ्यापलीकडे एक लिंबाचं झाड होतं. शंकरप्पा बैल घेऊन पाण्यावर गेला. गाठोड्याची गाठ सुटता सुटेना. शेवटी सत्यभामानं दातांनी सोडवली. त्या वर्षी नीलाबाईच्या दुकानातल्या तांदळाला पोरकिडे लागले होते. गाठोड्यातले हे तांदूळ मात्र परवाच कांडल्यासारखे पांढरे होते, आणि हाताला कोमट लागत होते. सत्यभामानं ते ओढ्यात सोडले. पाण्यावर ते थोडे रेंगाळले आणि गेले.

"बस आता," नीलाबाई लिंबाखाली पटकूर टाकत म्हणाली. "हे उमापूर समज."

"आमच्या दारात लिंब न्हाई. शेवगा हाय."

"मग शेवगा समज. तू गेल्यावर पयल्यांदा काय करंल तुजी आई?"

सत्यभामानं विचार केला. "शिव्या देईल. इतके दिस आली न्हाईस म्हनून."

नीलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "इतके दिस कावून आली न्हाईस गं, भवाने? रस्ता सापडंना व्हय उमापूरचा? का सासूच लई गोड लागली?"

सत्यभामा खळखळून हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं, असं की लेकरू दचकून जागं झालं. नीलाबाईनं तिला रडू दिलं. मग तिचे केस सोडले, तेल घातलं, विंचरून घट्ट अंबाडा घातला. फडक्यातून आणलेली बाजरीची भाकरी, तूप, गूळ आणि जवसाची चटणी तिच्यापुढे मांडली, आणि आया घालतात तशी "अजून घे, अजून घे" करत खाऊ घातली. या वेळी घास कुठे जातोय ते दिसत होतं. पोरीच्या कानशिलांवर घाम आला.

ऊन उतरायला लागलं. सत्यभामा गेवराईकडे जाणाऱ्या वाटेकडे बघत होती. वाट रिकामी होती. दूरच्या गावावर धूर नव्हता.

"अक्का, जाऊ का मी? खरंच?"

"तिकडं ताप हाय. लेकरू पाच दिसांचं हाय." नीलाबाई भाकरीचं फडकं झटकत होती. "पर तुला जायचं आसंल तर जा. मी आजवर कुनाला अडवलेलं न्हाई."

"आई असंल का?"

"ते मला ठाव न्हाई, पोरी."

सत्यभामा बराच वेळ तशीच उभी राहिली. नीलाबाईला तिची पाठ दिसत होती आणि पाठीपलीकडची वाटही दिसते आहे असं एकदा वाटून गेलं. मग लेकरू रडलं. पोरगी वळली.

वेशीपाशी गाडी येताच बद्रीनाथ काठी आडवी धरून उभा राहिला.

"थांबा! ही कोन?"

नीलाबाई गाडीतच अर्धी उठली. "कोन ही?"

"ही काय, ही! गाडीत बसलेली. बे शंकरप्पा, कुनाला घिऊन आलास? बाहेरचं मानूस आत घिनार न्हाई म्हनून सकाळीच सांगितलं ना? काखेत गाठ-बिठ आली न्हाई ना तिच्या? उतर गं बाई खाली!"

नीलाबाईला आनंदानं हसूच फुटलं. आडावर, घरात, जात्यापाशी कुणी जिला अडवलं नव्हतं तिला एक माणूस काठी घेऊन अडवत होता, तिच्यावर खेकसत होता, तिला घाबरत होता.

सत्यभामा खाली उतरली. "बद्रीभावजी, मी हाय. बंकटरावांच्या घरची."

बद्रीनाथनं काठी खाली केली. "वहिनी व्हय? आन मी म्हनलं... कवा गेलतात तुमी? बरं झालं आलाव. लेकरू बी झालं? वा!" त्यानं लिंबाचा पाला पेटवून धूर दिला, गाडीभोवती फिरवला आणि त्यांना आत सोडलं.

केसरबाईच्या दारात गाडी थांबली. तिच्या अंगणात शेळी बांधलेली होती. नीलाबाईनं हाळी दिली. "केसरबाई, सून आली म्हायेरून! लेकरू घिऊन आलीय. भाकरतुकडा आना!"

केसरबाई तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लेकरावरच होते; ते हवेत, छातीच्या उंचीवर होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. तिनं तुकडा ओवाळला, एक डावीकडे टाकला, एक उजवीकडे. सत्यभामा जागची हलली नाही.

मग केसरबाईनं पाणी ओतलं.

पाणी धुळीत पडलं, पसरलं, आणि कशालातरी अडून दोन बाजूंनी वाहिलं. केसरबाई त्या ओल्याकडे बघत राहिली. आधी दोन पाय. जोडवी. फाटका काठ. तिची नजर सावकाश वर चढली, लेकराला धरलेल्या हातांवर थांबली, तिथून गळ्यावर, तिथून तोंडावर.

"लई वाळलीस गं," केसरबाई म्हणाली. "आईनं काई खायाला घातलं का न्हाई तुझ्या?"

"घातलं," सत्यभामा म्हणाली. "हातानं घातलं."

"मग अशी का दिसतीस?"

"वाट लांबची हाय, आत्याबाई." ती थांबली. "आत येऊ का?"

"आता गं बया! घर तुझंच की," केसरबाई म्हणाली आणि खरोखरच हसली. "इचारतीस काय, पाव्हन्यासारखं?"

आतून बंकट बाहेर येऊन उभा राहिला होता, लाजल्यासारखा, पुष्कळ दिवसांनी बायको दिसलेल्या नवऱ्यासारखा. सत्यभामानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. दोघं तिच्याकडेच बघत होते. तरी ती उंबऱ्याबाहेर आणखी थोडी थांबली, आणि मग लेकराला घट्ट धरून तिनं उजवा पाय आत टाकला.